मंदिरापायी गहाण पडलेलं माझं घर

देवाच्या कामाला नाही म्हणू नये, असं मला शिकवणारे सगळे आपापली घरं सांभाळून बसलेत. मंदिराच्या कर्जाला तारण कोणाचं? माझं.

मी, पद्मिनी प्रल्हाद घोडके, वय बावन्न, राहणार कर्टलंड, ओहायो. चौथी शिकलेली, पण डोकं ठिकाणावर आहे. येत्या सोमवारी सतरा तारखेला हृदयाचं ऑपरेशन, म्हणून हे मृत्युपत्र करते. कोणाच्या दडपणाखाली नाही. दडपणाखाली केली ती सही वेगळी.

एरवी विधवा म्हणून मला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही. भूमिपूजनाला मात्र पहिल्या रांगेत बसवलं. मंदिर बांधणाऱ्या आपल्या मंडळाचे अध्यक्ष दिगंबर भावजी पूजेच्या ताटातच बँकेचे कागद घेऊन आले. "वहिनी, नुसती फॉर्मॅलिटी." मुठीत अक्षता, भटजी खोळंबलेले, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पूजेचं ताट मागे लोटतं का कोणी? केली सही. माझ्या मुलीने, लतिकाने, नंतर नक्कल वाचली. "आई, यू साइन्ड व्हॉट?" आता भिंती अर्ध्यावर, देणग्या बंद, आणि बँकेची नोटीस माझ्या दारात.

घर लतिकाचं. कर्ज तिचं नाही.

यांची मशिनशॉपची हत्यारं शेजारच्या मार्थाच्या नवऱ्याला. यांच्यामागे माझं छप्पर त्याने नीट केलं. मंडळातल्या एकानेही शिडी धरली नाही.

मार्था मॉर्मन पंथाची, ख्रिस्ती. त्यांच्या पहिल्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी इथे बांधलेलं मंदिर तिने मला दाखवलं. पोटाला चिमटा काढून बांधलं. बायकांनी कपबशा दिल्या म्हणे, फोडून गिलाव्यात घालायला, भिंती चमकाव्यात म्हणून. मग कर्ज डोक्यावर, बँक काढली तीही बुडाली, माणसं एकमेकांवर उठली, कितीतरी गाव सोडून गेली. मंदिर आहे अजून. मार्था म्हणाली, "माझ्या खापरपणजीने बशा दिल्या, पद्मिनी. राहतं घर नाही दिलं."

माझी चांदीची समई मंदिराला, पण घर सुटलं तरच. देवावर माझा राग नाही. नाही सुटलं, तर लतिकाने ती विकून वकील करावा. आणि मी गेले तर मंडळाने शोकसभा घेऊ नये. गोड भाषणं जिवंतपणी पुष्कळ ऐकली.

सही: पद्मिनी प्रल्हाद घोडके
साक्षीदार: प्रतिमा दळवी, विवेक दळवी (मंडळात असून आले, हे विसरणार नाही)
कर्टलंड, रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

एक नक्कल दिगंबर भावजींना. माझं घर सोडवून मंडळाची कमिटी स्वतःची घरं तारण ठेवते की नाही? हो किंवा नाही, लेखी द्या. फोन नको. शुक्रवारी, चौदा तारखेला, बँक बंद व्हायच्या आत.