दोन मिनिटांचा दादा

ता. ४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. परदेशातलं हॉस्पिटल मला नर्स म्हणून घ्यायला तयार आहे, हे तुला ठाऊकच आहे. घोडं अडलंय ते इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत. दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा प्रश्न सायकलवर: चालवता का, कोणी शिकवली, कुठे शिकलात. मी खरं ते सांगितलं. येत नाही, कोणी शिकवली नाही. एवढ्यावर माझं बोलणं आटोपलं आणि परीक्षक बाई माझ्याकडे बघत बसल्या. क्लासचे सर कपाळाला हात लावून म्हणाले, अहो, तिथे खरं-खोटं कोण तपासतंय, तोंड थांबलं नाही म्हणजे झालं.

काल तिसऱ्यांदा गेले. पुन्हा सायकलच! मग मीही सुटले. म्हटलं, मोठ्या भावाने शिकवली. त्याच्या भुवईवर खोक होती, बोलायचा कमी, हसायचा फार. उताराच्या रस्त्यावर मी पुढे, तो कॅरिअर धरून मागे पळतोय. आता तो हात सोडतो असं सांगणार, तोच बोलायला दिलेली दोन मिनिटं संपली. बाईंनी हात वर करून थांबवलं. वाक्य तोंडातच राहिलं.

एकुलत्या एक मुलीला मोठा भाऊ! हसू नकोस. आणि बाबांना सांगू नकोस.

निकाल लागेपर्यंत तरी लोभ टिकव.
तुझी,
मौनी


ता. १२ जून

चि. मौनीस,
अनेक आशीर्वाद.

हसले. शेजारणीने भिंतीवर ठोकेपर्यंत हसले. इंजेक्शन टोचायला निघालेल्या मुलीला सायकल कशाला विचारतात, ते त्यांचं त्यांना माहीत. उद्या ड्रायव्हर नेमताना विणकाम विचारतील. तुझ्या बाबाने एकच लेकरू वाढवलं, पण सात वाढवल्याचा गाजावाजा केला. तरी एक सांगते, थापच मारायची होती तर भाऊ जरा कामाचा तरी मारायचास. डॉक्टर नाही तर निदान प्लंबर. माझा स्वयंपाकघरातला नळ कधीचा टपटपतोय आणि प्लंबर माझा आवाज ऐकला की गावाला जातो.

वाक्य अर्धं राहिलं ते मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या घराण्यात पुरं वाक्य आजवर मी एकटीच बोलले आहे.

म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या


ता. २५ जून

चि. मौनीस,
अनेक आशीर्वाद.

दादा येणार म्हणून एक ओळ लिहिली असतीस तर तुझी बोटं झिजली असती का? सायकल जिन्याखाली लावून चार दिवस इथेच आहे. पोरगा वाळलाय, भुवईवरची खोक तेवढी तशीच. जेवणार का विचारलं, हसला. कामाला कुठे आहेस, हसला. बहीण कशी आहे, यावर बराच वेळ हसला. हाक मारायला गेले तर नाव जिभेवर येऊन विरलं. वयाचा दोष, दुसरं काय! नळाचं म्हणशील तर त्याने दुरुस्त केला असं नाही. नुसता मुठीत धरून बसला, तर थांबला.

एक खोड मात्र मोडायला हवी. रस्त्याने कोणी सायकलवर गेलं की हा उठतो आणि कॅरिअर धरून मागे पळत सुटतो. पेपरवाला पार पांढरा पडला. म्हणाला, ओढत नव्हते, ढकलत नव्हते, नुसतं धरून होते. परत आला तेव्हा ना धाप, ना घाम.

लोभ आहेच, भावालाही थोडा दे.
तुझी आत्या


ता. २ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

पास झाले. सगळ्यात जास्त गुण त्या थापेलाच. तिकीट काढलंय, महिनाअखेरीस निघायचं. पण ते राहू दे. आत्या, तुझ्या घरात बसलाय तो कोण? मला भाऊ नाही गं! तूच मागे हसली होतीस ना? दार लावून घे, शेजारणीला बोलावून घे. आणि काही झालं तरी त्याला माझा पत्ता देऊ नकोस.

लोभाचं नंतर बघू, आधी उत्तर धाड.
मौनी


ता. १० जुलै

चि. मौनीस,
आशीर्वाद.

परदेशी नोकरी लागली की सख्खा भाऊ परका होतो, हे लोकांच्या घरी ऐकलं होतं. आता आपल्याकडेही सोय झाली. मी हसले होते ती तुझ्या इंग्रजीला. अल्बम काढून बघितला: तू सायकलवर तोंड वासून, मागे दादा, कॅरिअरवर हात. फोटो खोटा का?

तू निघालीस हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. विचारलं, पुढे काय झालं? मी म्हटलं, कशाच्या पुढे? तर हसला नाही. चपला न घालताच बाहेर पडला, सायकल इथेच ठेवून. पत्ता मी दिलेला नाही. त्याने मागितलाच नाही.

रागावले असले तरी आत्याच आहे, विसरू नकोस.
तुझी आत्या


ता. २८ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दादा पोहोचला. आधी दिसला नाही. इथल्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात चालताना, बसमध्ये चढताना पाठीमागून कपडा कोणीतरी धरल्यासारखं वाटायचं; वळावं तर कोणी नाही. मग ध्यानात आलं, वाक्य पुरं करायला हवं. आरशासमोर केलं, इंग्रजीत केलं, आपल्या भाषेत केलं. पकड काही सुटेना. जिथे तुटलं तिथेच जोडायला हवं होतं. म्हणून पास झालेली मी पुन्हा परीक्षेला बसले. सर ओरडले, नवा निकाल लागला की जुना रद्द होतो, डोकं फिरलंय का तुमचं? त्यांना काय सांगणार?

बाई त्याच. प्रश्न मात्र शेजाऱ्यांवर. मी शेजाऱ्यांना उताराच्या रस्त्यावर आणलं, सायकल आणली, दादाला मागे पळवलं. त्याने हात सोडला, एवढंच म्हणायचं उरलं. तोंड उघडलं आणि माझी खुर्ची मागून कोणीतरी घट्ट धरली. मी वळून बघितलं. बाईंनी विचारलं, कोणाकडे बघताय? मी म्हणाले, भावाकडे. बाईंनी शिपायाला आणखी एक खुर्ची आणायला सांगितली आणि त्याला बसा म्हणाल्या. तो बसला नाही. बाकीची वेळ आम्ही तिघंही गप्प होतो.

नापास झाले. नोकरी गेली, तिकीट परत केलं. सुरुवातीला फार रडले. आता रडू येत नाही. तोलही जात नाही. बसवलं तिथे बसून राहते.

बाबा खूश आहेत. सकाळी चहा पिताना म्हणाले, एक तरी लांब जाणार म्हणून जीव खाली-वर होत होता. बरं झालं, दोन्ही पोरं घरातच राहिली.

आम्हा दोघांवर माया असू दे.
तुझी,
मौनी