मडक्यातली शिशी

यवतमाळ, १२ नोव्हेंबर २००५

माय,

तुया पायावर डोकं ठेवून लिहून राह्यलो. हे पत्र शेजारच्या नयनकडून वाचून घेऊ नको. सावकाश तूच वाच.

आम्ही बरे आहो. तुया नातीचा, सुरभीचा खोकला गेला.

सोमवारी दवाखान्यात तू मडकं उघडून इन्शुलिनची शिशी काढली. मुकुटबनहून एसटीत मांडीवर धरून आणलं होतं तू ते. नर्सबाई साऱ्या रांगेसमोर ओरडली, "औषध आहे का लोणचं? अशानंच शुगर वाढते तुमची!" लोकं हासले. तू माह्याकडं पाह्यलं. अन् मी म्हणलं, "मॅडम, किती सांगतलं, ऐकतच नाही."

मी तुले कधी काही सांगतलंच नव्हतं, माय. ऑफिसातले दोघं रांगेत होते. मले तुयी लाज वाटली.

काल मेडिकलवाल्याले विचारलं. तो म्हणे, घरी फ्रिज नसला तं थंड मडकंच बरोबर.

फोन पाटलाच्या घरी येते, सारे ऐकतात. म्हणून लिहिलं.

पायाची जखम भरली का? कापूस वेचाले जाशीन तं पदराले गूळ बांधून ठेव, शुगर उतरून चक्कर आली तं खाजो.

पुढच्या तपासणीले मडकं घेऊनच ये. रांगेत मी धरीन.

तुया पोरगा,
अनंत