तबेला भावजींना, आणि त्याचे कारण

मी, घोडेवाल्यांची थोरली सून, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. देवाच्या कृपेने डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले नाही, कोणी धाक घातला नाही. जे काही आहे ते यांनी जाण्यापूर्वी माझ्या नावे केलेले आहे, तेव्हा द्यायचा अधिकारही माझाच.

१. राहते घर व बँकेतील ठेव थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मी निम्मी. भांडू नये. भांडण्याइतकी ती नाही.

२. देव्हारा मुलीला. मात्र धूप तबेल्यात नेऊ नये. मी बावीस वर्षे रोज संध्याकाळी नेत होते आणि घोडे ठसकत होते. नुसते हात जोडले तरी देवाला पोचतात, हे मला उशिरा समजले.

३. थर्मामीटर, भिंतीवरचे घड्याळ आणि माझ्या अकरा वह्या भावजींना, म्हणजे यांच्या धाकट्या भावाला. वह्यांत घोड्यांचा ताप आणि मिनिटाला किती श्वास, ते रोजचे लिहिले आहे.

४. तबेला, पुढचे अंगण आणि पिल्लू नावाची घोडी (नाव पिल्लू, वय सतरा) हेही भावजींनाच. थोरला म्हणेल, "बाबांनी काकांना उंबरा ओलांडू द्यायचा नाही म्हणून सांगितलंय." खरे आहे, सांगितले होते. म्हणून कारण लिहिते.

एकोणीस वर्षांपूर्वी वैरणीच्या गंजीवरची ताडपत्री फाटली आणि खालच्या पेंढ्या भिजल्या. सोडल्या की पिठासारखा पांढरा धुरळा उडायचा. हे म्हणाले, "फेकून दे." माझ्याने अन्न फेकवत नाही. मी त्या गच्चीवर वाळवल्या आणि रोज थोड्या थोड्या चांगल्या वैरणीत मिसळून घातल्या. त्याच महिन्यात भावजींनी बाजारातून पांढरा घोडा आणला आणि वेगळा न ठेवता आमच्याच दावणीला बांधला. ती त्यांची चूक. पण त्याची वैरण ते स्वतःची आणत.

पंधरा दिवसांत आमचे तिन्ही घोडे खोकू लागले. जेवताना हे ताटावरून उठले. "आणलास ना रोग घरात! उचल तुझं जनावर आणि नीघ."

"दादा, माझा घोडा तर खोकतसुद्धा नाही."

"रोग देणारा खोकत नसतो!"

मी वाढत होते. वाढतच राहिले. भावजी भरल्या ताटावरून गेले.

दुसऱ्या दिवशी हे कामावर असताना पशुवैद्य आले. त्यांनी तिघांचा ताप पाहिला, जबड्याखाली चाचपले, मग गव्हाणीत हात घालून मूठभर वैरण नाकाशी नेली. "ताप नाही, गाठी नाहीत. ही लागण नाही, बाई. ही बुरशी आहे. घरात सांगा."

मी होय म्हटले. उरलेली वैरण त्याच दिवशी जाळली. घरात सांगितले नाही. वहीतल्या त्या दिवसाच्या पानावर तिघांनाही ताप नाही असेच लिहिलेले आहे. दुसरी वही, थोरल्याने स्वतः पाहावे. दोन घोडे बरे झाले. तांबडी घोडी, पिल्लूची आई, झाली नाही. सहा वर्षे पोट आत ओढून ओढून श्वास घेत होती, मग पशुवैद्यांनी तिला सुई देऊन सोडवले. तेव्हाही मी बोलले नाही. हे गेले तेव्हाही नाही. रडूही आले नाही, आताही येत नाही. नुसते लिहिता येते.

५. पिल्लूलाही आता धाप लागते. वैरण अर्धा तास भिजवून, निथळून घालावी, भिजलेली दुसऱ्या दिवशी ठेवू नये. टांगून न घालता जमिनीवर घालावी, म्हणजे नाक खाली मोकळे होते. घोडी बाहेर काढल्याशिवाय झाडू मारू नये. थंडीत झूल घोडीला घालावी, खिडकीला नाही. खाली बसून श्वास घ्यावा. आपले नाक चरचरले तर तिचे केव्हाचेच चरचरलेले असते. नवे जनावर तीन आठवडे वेगळे, त्याची बादली वेगळी.

भावजींना साक्षीदार म्हणून बोलावले होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष चालत नाही. पण निरोप गेला होता, ते काल आले. तबेल्याच्या अर्ध्या दारापाशीच थांबले, आत आले नाहीत. पिल्लूच्या कुशीकडे बघून श्वास मोजले. "वहिनी, बावीस." मी म्हटले, सकाळी चोवीस होते. मला सांगायचे होते. मी वहीत बावीस लिहिले. त्यांनी दारावरून हात घालून एक पेंढी उचलली, हुंगली, परत ठेवली.

"वैरण चांगली आहे आता," म्हणाले, आणि गेले.

ते 'आता' का म्हणाले, हे मी विचारले नाही. कलम चार खोडलेले नाही. ते भावजींना सांगण्यासाठी लिहिले होते. आता ते थोरल्यासाठी आहे. त्याने ते मोठ्याने वाचावे, काकांना घरात बसवून, ताट वाढून.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: घोडेवाल्यांची थोरली सून

साक्षीदार १: पशुवैद्य (यांना त्या दिवशीच्या बोलण्याचीही साक्ष आहे)
साक्षीदार २: समोरची शिवणवाली

स्थळ: राहते घर, तबेल्याकडची खोली
दिनांक: ४ मार्च २०२५, मंगळवार