शोभेची वस्तू

आखन, ९ ऑक्टोबर

प्रिय सरलाआत्या,

नमस्कार. तुझा दमा आता कसा आहे? इकडे थंडी पडू लागली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत आलं, दुरुस्त्या किरकोळ आहेत. नव्या खोलीची अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, एकदाची झाली.

लक्ष्मीपूजनाला ड्युसेलडॉर्फला तुझ्याकडे येणं जमणार नाही, काम आहे, असं मी फोनवर म्हणाले. काम काही नाही.

श्रीधरकाका गेल्यावर तू देवघरातला शंख मला सरावाला दिलास. तुला दम्यामुळे फुंकता येत नाही, घरातला आवाज बंद पडू नये म्हणून. "गाल फुगवू नकोस गं, वारा पोटातून आण." ते मला जमलं.

तू ज्याच्याबद्दल खोदून विचारतेस त्या फेलिक्सचे वडील शिकारी आहेत. सप्टेंबरअखेर आम्ही तिघं आयफेलच्या जंगलात त्यांच्या झोपडीवर राहिलो. हा हरणांच्या माजाचा काळ. दुसऱ्या नराची डरकाळी ऐकली की नर भांडायला पुढे येतो. म्हणून शिकारी बैलाच्या शिंगातून किंवा मोठ्या शिंपल्यातून तसा आवाज काढतात. मी मांस खात नाही, त्यावरून जेवताना ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे तू तर हरणाच्याच पक्षाची!" सगळे हसलो. मला ते लागलं.

सकाळी त्यांच्या शिंगाला उत्तर येईना. ध्वनी हा माझा विषय. आवाज कुठे कमी पडतोय ते मला ऐकू येत होतं. सरावासाठी नेलेला शंख पिशवीत होता. मी तो तोंडाला लावला आणि त्यात घशातून ओरडले. वारा पोटातून आणला, तू शिकवलंस तसा.

तो आला. दवाने भिजलेला, सरळ माझ्या दिशेने.

परवाना होता, गोळी त्यांची होती. नियमाबाहेर काही घडलं नाही. हरीण पडल्यावर त्यांनी स्प्रूसच्या झाडाची डहाळी त्याच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी त्याच्या रक्ताला लावून मला दिली, शिकार साधल्याचा मान म्हणून. मी आभार मानले. मला आनंद झाला होता, आत्या.

मग शंख हातात घेऊन त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे हा कशासाठी असतो?"

"शोभेची वस्तू आहे," मी म्हणाले.

फेलिक्सला खरं माहीत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो बंदूक पुसायला लागला.

शंख मी धुतला. परत परत धुतला. तोंडाला लावता येत नाही.

काल फेलिक्सच्या वडिलांना फोन करून सांगितलं, शंख आमच्या देवासमोर वाजतो. ते म्हणाले, "आधी बोलली असतीस तर मी तुला थांबवलं असतं."

म्हणजे परका माणूसही थांबला असता; मीच थांबले नाही.

शनिवारी येते. शंख पुन्हा देवघरात घ्यायचा की नाही, तू ठरव. लक्ष्मीपूजनाला मी वाजवायचा की नाही, तेही. दार उघडशील तेव्हा शंख पिशवीत नसेल, माझ्या हातात असेल.

अजून म्हणू देत असशील तर, तुझी भाची
कादंबरी