बाजारातला आडोसा

३ जानेवारी १९३८

उभे राहणार! ठरलं एकदाचं. हे म्युनिसिपल कमेटीच्या निवडणुकीला माळीपुरा वॉर्डातून उभे राहणार.

महिनाभर "पाहू, पाहू" चाललं होतं. आज नत्थुजी आले — यांचे लहानपणचे दोस्त — आणि चहा पिता पिता म्हणाले, "खुशालराव, फारम भरून टाका. तुमच्यासमोर उभं राहाची कोणाची टाप आहे? बिनविरोध येता तुमी." झालं! यांची छाती एवढी फुगली. चहात साखर नव्हती, मी विसरले होते. दोघांनाही कळलं नाही.

मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. मेंबराची बायको! सासूबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. आणि मलाही मत आहे — हे घर बाबांनी माझ्या नावावर करून दिलंय, टॅक्साची पावती माझ्या नावानं येते. आजवर त्या पावतीचा राग यायचा. आज नाही आला.

७ जानेवारी

भाजीबाजारात गेले होते. गंगूबाईकडेच घेते मी, लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हापासून. नदीकाठी तिचा स्वतःचा मळा आहे, स्वतःचं घर आहे. नवरा सहदेव बैलबंडी हाकतो आणि दिवसातून चार शब्द बोलतो. बाकीचे सगळे ही बोलते.

आज गप्प होती. ऊन चांगलंच होतं, तोंड सुकलेलं. मी म्हटलं, "पाणी तरी प्या." तर म्हणाली —

"बाई, आमी बाजारात पाणी पेत नाही."

"काहून?"

"पेलं तं जावं कुठं? बाप्यायले भिंती हायेत. आमाले काय हाय? दिवस बुडेपर्यंत बसून राहाव लागते. बाजूची सत्यभामा तं तापानं पडली, पोटात कळा येऊन. डाकतर म्हणे, पाणी काहून पेत नाहीस?" मग मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकत म्हणाली, "तुमचे मालक मेंबर होऊन राहिले ना? त्यायले सांगा. चार टिनं अन् एक दार. बायायसाठी आडोसा. लय नाही मांगत."

इतकी वर्षं भाजी घेते मी. वांगी दाबून पाहते, भाव करते, घरी येते. कधी मनातसुद्धा आलं नाही.

जेवताना यांना सांगितलं. हे लाल झाले! "हे काय सभेत बोलाचं आहे काय?" म्हणाले आणि ताक मागितलं.

१० जानेवारी

गंगूबाईनं फॉर्म भरला!!

हे कापसाच्या जिनिंगवरून आले ते टोपी भिरकावूनच. "ऐकलं काय? तुयी भाजीवाली माह्यासमोर उभी राहिली!" माझी भाजीवाली — जसं काही मीच उभी केली. नत्थुजी तर पोट धरून हसले. "सोपं झालं, खुशालराव. बिनविरोध येण्यात काय मजा? आता लढून येता."

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिची गोबी चांगली राहते."

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज आमच्याकडे हळदीकुंकू. नत्थुजींची युक्ती — सगळ्या वॉर्डातल्या बाया बोलवा, वाण द्या, जाता जाता यांचं नाव कानावर घाला. मी वाणाला कंगवे आणले. तीळगूळ केला. पाठ केलेली दोन वाक्यंही होती: "आमच्याकडे लक्ष असू द्या. पिवळी पेटी."

(यंदा पेट्या रंगीत — मागे असेंब्लीच्या वेळी होत्या तशा. ज्याला वाचता येत नाही त्यानं रंग पाहून चिठ्ठी टाकायची. यांची पिवळी. गंगूबाईची हिरवी.)

बाया आल्या, बसल्या, आणि दारात कोण? गंगूबाई! हिरवं लुगडं. "बोलावणं साऱ्या वॉर्डाले होतं ना बाई? मी बी वॉर्डातलीच हावो." आता काय करणार! कुंकू लावलं. तीळगूळ दिला. माझाच तीळगूळ खात, माझ्याच सतरंजीवर बसून तिनं सभा घेतली! पाणी न पिण्याची गोष्ट तिनं सांगायला घेतली तशा एकेक जणी बोलायला लागल्या. धामणगावच्या बाजारात काय होतं, जत्रेत काय होतं, रेल्वेत काय होतं. हसून हसून डोळ्यांना पाणी — आणि मधेच कोणाच्या डोळ्यांना वेगळंच पाणी.

माझी दोन वाक्यं राहूनच गेली.

यांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "पुष्कळ बाया आल्या होत्या." खरंच आल्या होत्या.

२३ जानेवारी

मारुतीच्या मैदानात सभा. दोघांची एकाच मांडवात, शाळेच्या हेडमास्तरांनी घडवून आणली. इतकी गर्दी तर दंडारीच्या खेळाला पण नसते. फुटाण्यावाल्याचे फुटाणे संपले.

हे छान बोलले. रस्ते, दिवे, नाल्या, धूळ. तीन दिवस घरात म्हणून पाहत होते, त्यामुळे मला सगळं पाठ. एक ओळ गाळली ती फक्त मला कळली.

मग गंगूबाई उठली. पदर खोचला. लाजत नाही, मुरडत नाही. "माया एकच बात हाय," म्हणाली, आणि सरळ सांगून टाकलं — बाजारात बायांना जायला जागा नाही, ती पाहिजे. मैदान असं गप्प झालं की दूर बांधलेल्या बैलांच्या घागरमाळा ऐकू आल्या. नत्थुजी मागून ओरडले, "अवो बाई! चार लोकांत बोलाले लाज नाही वाटत?"

तर ती काय म्हणाली!

"लाज वाटते म्हून तं मांगून राहिली, दादा. लाज नसती तं कायले मांगतली असती?"

आधी एक म्हातारी हसली. मग सगळ्या बाया. मग बाप्ये. नत्थुजी फुटाण्याच्या पुडीत तोंड घालून बसले. मी यांच्याकडे पाहिलं — हे हसत नव्हते. खाली मान घालून भाषणाचा कागद घडी करत होते, उलगडत होते.

२४ जानेवारी

चिडलेत. म्हणे डाळ खारट, वरून भाकर कडक. दोन्ही चांगली होती.

३१ जानेवारी

माझ्या भातकुली गावच्या भावजयीचं पत्र. "दाजी मेंबर झाले की आम्हाला विसरू नका!" सासूबाईंनी यांच्यासाठी नवं धोतर काढून ठेवलंय. नत्थुजी रोज मतं मोजतात, रोज जास्त भरतात. सगळे इतके चांगले वागतात माझ्याशी, की जेवण गोड लागत नाही.

कोणाला सांगू? एकीकडे माझा नवरा. भला माणूस. सालदार गडी आजारी पडला तर स्वतः औषध घेऊन जातो. दुसरीकडे ती सुकलेल्या तोंडाची बाई.

६ फेब्रुवारी

आज मतदान. शाळेच्या वर्गात. आम्ही बंडीतून गेलो, मी आणि सासूबाई. हे सकाळपासून तिथंच, नवं धोतर, कोणालाही नमस्कार — भिंतीला टेकलेल्या झाडूलासुद्धा केला असता.

लिहायचं काही नाही. चिठ्ठी हातात दिली आणि पडद्याआड जा म्हणाले. आत दोन पेट्या. पिवळी, हिरवी. बाहेर यांचा आवाज ऐकू येत होता — "या, या काका, पाय सांभाळून."

हिरवीत टाकली.

लिहिलं एकदाचं.  बाहेर आले. यांनी दुरूनच पाहून मान हलवली, असे हसले! माझ्याच्यानं त्यांच्याकडे पाहवलं नाही. पदर सारखा करत बंडीत जाऊन बसले.

८ फेब्रुवारी

गंगूबाई निवडून आली. एका मतानं.

एका!

निकाल ऐकला तेव्हा मी अंगणात धुणं वाळत घालत होते. यांचा सदरा हातातच राहिला. एक मत म्हणजे कोणतं मत, हे मला कोणी सांगायला नको होतं. मी ती चिठ्ठी पिवळीत टाकली असती तर आज हे मेंबर असते.

नत्थुजींनी आकाशपाताळ एक केलं. "पुन्हा मोजा! अर्ज द्या!" यांनी साफ नाही म्हटलं. "मोजलं ते मोजलं." एवढंच. आणि उठून, स्वतःसाठीच आणून ठेवलेला झेंडूचा हार घेतला आणि तिच्या घराकडे चालू लागले. नत्थुजी पाहतच राहिले. मीही.

दुपारी मिरवणूक. सहदेवनं बंडीला केळीचे खांब बांधले होते, बैलांच्या शिंगांना गुलाल. गंगूबाई बंडीत उभी, गळ्यात यांचाच हार, आणि दोन्ही हातांनी लोकांत गाजरं वाटत होती! आमच्या दारात थांबली. खाली उतरली, सासूबाईंच्या पाया पडली. यांना म्हणाली, "खुशालदादा, मले कागदातलं काही समजत नाही. तुमी संगं राहान ना?" हे म्हणाले, "राहीन ना." सहदेवही बोलला! "गोड हायेत गाजरं," म्हणाला.

सगळे हसत होते. सासूबाई हसत होत्या. मी चहा करायला आत गेले आणि तिथंच थोडा वेळ बसून राहिले.

११ फेब्रुवारी

दोन वेळा तोंड उघडलं. दोन्ही वेळा कोणीतरी आलं. उद्या सांगणारच.

१२ फेब्रुवारी

सांगायच्या आधी हेच बोलले. दुपारी, ओसरीवर सुपारी कातरत. "जमुना, तुले सांगतो. कोणाजवळ बोलू नको, नत्थूजवळ तं मुळीच नाही. मी माही चिठ्ठी हिरवीत टाकली. पेटीपाशी उभा राहिलो अन् मनात आलं, निवडून आलो तरी हे काम माह्याकडून होणार नाही, मले बोलाचीच लाज वाटते. तिले नाही वाटत." मग माझ्या हातावर सुपारी ठेवून म्हणाले, "एकच समाधान आहे. मी स्वतःले नाही दिलं, पण तुयं मत तरी मले पडलं."

देवा! आता हे कसं सांगू? उद्या सांगीन. आज हसूच आवरत नाही.