बंद व्हॉल्व्ह

ता. ९, गुरुवार, सकाळी

प्रिय धाकट्या,

दादाचा आशीर्वाद. तू बरा असशील, घरातली सगळी बरी असतील असं धरून चालतो. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. चष्मा बदलला, तरी ओळ तिरकीच जाते. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे. अक्षर लागलं नाही तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. दोनदा वाच, पण स्वतःच वाच.

फोन केला असता. पण फोनवर तू ‘हं’ म्हणतोस, मी हवापाणी सांगतो आणि दोघं ठेवून देतो. अठरा वर्षं हेच चाललंय.

बातमी अशी की थोरलीच्या बोटीला आग विझवायचा नवा पंप बसवला. साठ फुटी बोट, वर माणसं, खाली माल. तपासणीला आलेला साहेब म्हणाला, जुना पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, इंजिनघरातच आग लागली तर पंपही त्यातच जाईल. वेगळा बसवा, नाहीतर परवाना नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली. थोरली म्हणते, “बाबा, बोट माझी, परवाना माझा, काळजी तेवढी तुमची.”

तिच्याबरोबर मीही दुकानात गेलो. नको म्हणत होती, पण मी आधीच जाऊन गाडीत बसलो होतो. दुकानात एकेक पंप बघताना माझा जीव वरखाली. पेट्रोलचा छोटा पंप उचलायला हलका, पण बोटीवर पेट्रोलचा डबा ठेवायचा म्हणजे आगीला घरात जागा द्यायची. बिडाचा स्वस्त, पण खाऱ्या पाण्याने दोन वर्षांत सडणार. मी म्हटलं, सगळ्यात मोठा कोणता तो द्या. दुकानदार हसला. “आजोबा, बोट विझवायची आहे की बुडवायची? एवढं पाणी वर साठलं तर बोट कलंडेल.” हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे आता आगीची काळजी होतीच, वर पाण्याचीही लागली.

थोरली शांतपणे विचारत होती. दोन नळ्या एका वेळी चालतील का? धार पुढच्या टोकापर्यंत पोचेल का? तेलाच्या आगीवर धार न मारता फवारा सोडता येईल का? तुझ्यासारखीच विचारते, एक प्रश्न संपल्याशिवाय दुसरा नाही. शेवटी दोन राहिले, दोन्ही पितळी, स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालणारे. त्यातल्या एकावर तू आपल्या बोटीसाठी पंप घेतला होतास त्याच कंपनीचं नाव होतं. मी ते वाचलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

थोरलीनेही वाचलं. ती दुकानदाराला म्हणाली, “हा नको. आमच्या काकांनी हाच घेतला होता. ऐन आगीत पाणी दिलं नाही त्याने.”

धाकट्या, तिथे खुर्ची नव्हती, नाहीतर बसलो असतो. मी तिला बाहेर फुटपाथवर बोलावलं आणि सांगितलं. आता तुला सांगतो.

पंप चांगला होता. बोटीच्या तळाशी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह मी बंद केला होता. काम संपलं की मी रोज बंद करायचो. तिथून पाणी शिरेल आणि बोट तळाला बसेल या धास्तीने मला घरी चैन पडायचं नाही. तू दोनदा रागावला होतास, “दादा, त्याला हात लावू नकोस.” म्हणून मी तुझी पाठ वळल्यावर करायचो आणि सकाळी तुझ्याआधी येऊन उघडायचो. त्या दिवशी उघडायचा राहिला. वायरीने पेट घेतला, तू पंप सुरू केलास, नळीतून नुसती हवा आली. शेजारच्या बोटीने पाणी मारलं म्हणून वाचलो. तुझा तळहात तोवर भाजला होता.

एवढंच असतं तर ती चूक होती. पण आग विझल्यावर सगळे तुझ्या हाताभोवती जमले होते, तेव्हा मी खाली उतरलो आणि तो व्हॉल्व्ह उघडून ठेवला. मग फिटर आला. त्याला व्हॉल्व्ह उघडा दिसला आणि पंपाचं सील जळालेलं; ते पाण्याविना कोरडा चालून जळालं हे फक्त मला ठाऊक. तो म्हणाला, “हलका माल आहे.” सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. तू तीन दुकानं फिरून तो पंप आणला होतास, आणि एक शब्द बोलला नाहीस. महिन्याभरात बोट सोडून गेलास. तुझी निवड चुकली असं तुला वाटू दिलं मी.

थोरली म्हणाली, “बाबा, काकांना हे माहीत नाही?” “नाही,” मी म्हटलं. ती आत गेली आणि त्याच कंपनीचा पंप घेतला.

परवा चाचणी झाली. इंजिन लागलं, दोन्ही नळ्या फुगल्या आणि धार पुढच्या टोकावरून पार पलीकडे गेली. नळीचा एक जोड सैल होता, मी डोक्यापासून पायापर्यंत भिजलो. खलाशी हसले, मीही हसलो. खूप वर्षांनी असं हसू आलं. तो जुना फिटर मुद्दाम बोलावला होता. त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, “त्या वेळी माल हलका नव्हता, मी व्हॉल्व्ह बंद ठेवला होता.” तो म्हणाला, “म्हातारबा, एवढी वर्षं हे पोटात ठेवून जेवण कसं जात होतं?” जात नव्हतं, हे त्याला नाही सांगितलं. तुला सांगतो.

थोरलीने नियम केलाय. व्हॉल्व्ह बंद केला तर त्याचा दांडा काढून वर सुकाणूच्या चाकाला बांधायचा, म्हणजे दांडा हातात घेतल्याशिवाय कुणाला बोट हलवता येणार नाही. मला तिने बंद करू नका असं म्हटलं नाही. “करा,” म्हणाली, “पण सगळ्यांना दिसेल असं करा.”

काल दुपारी जेवून जी झोप लागली ती चहाच्या वेळेलाच उघडली. छातीवरचं ओझं उतरलं असं म्हणतात ते खरं आहे. पण ते उतरून तुझ्या अंगावर पडलं असेल, ही नवी काळजी आता सुरू झाली आहे.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहून पत्र संपवणार होतो. ते खोटं झालं असतं. नाही चालणार. शिव्या दे, पण उत्तर दे.

तुझा गुन्हेगार आणि तरीही
थोरला भाऊ