भरतीच्या वेळचा सर्व्हे

६ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि.

मामा, परवा तुमच्या बेटावर येऊन गेले आणि घरी आले नाही, म्हणून मामी चिडली असेल. पण कंपनीचे साहेब बरोबर होते आणि आमच्याकडे फक्त एक तास होता. ओहोटीला बोट किनाऱ्याला लागत नाही, त्यामुळे भरतीतच सर्व्हे उरकला. आयुष्यातला पहिला रिपोर्ट मी एकटीने लिहिला. कॉपी पाठवतेय.

तुमच्या घरासमोरची खारफुटी काढून तिथे भराव टाकणार. मग जेटी, रिसॉर्ट आणि लॉन. लॉनवर सिमेंटची कासवं असतील, ती आयडिया माझी. साहेब इतके खूश झाले की स्वतःचे पांढरे बूट सांभाळत त्यांनी मला बोटीतून उतरताना हात दिला. मामीला गेटवर पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी मिळेल, युनिफॉर्मसकट.

लोभ आहे तितका राहू द्या.

तुमची टिटवी

१० मार्च

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट मामीला वाचून दाखवला. 'उथळ पाणी. उल्लेखनीय सजीव आढळले नाहीत.' चाळीस वर्षं या घरात काढून आज कळलं की आपण उल्लेखनीय नाही, असं ती म्हणाली.

बाई गं, सगळे पांघरुणात असताना घरात डोकावायचं आणि इथे कोणी राहत नाही असं लिहायचं, असा तुझा सर्व्हे. मामी ज्या चिखलातून रोज टोपलीभर शिंपले काढते, तो त्या पाण्याखालीच होता. मासे खारफुटीच्या मुळांत पिल्लं वाढवतात, ती मोठी होऊन माझ्या जाळ्यात येतात. मुळं गेली की मासे गेले. मग माझी होडी तुझ्या लॉनवर ठेव, फुलझाडं लावायला. सातव्या वर्षी तुझ्या अंगठ्याला लटकलेला खेकडा तिथलाच. तेव्हा तो तुला चांगला उल्लेखनीय वाटला होता, तीन दिवस रडत होतीस.

२६ तारखेला सकाळी दहाला ये. पूर्ण ओहोटी असेल. साहेबांनाही आण. बूट पांढरेच घालायला सांग.

राग नाही, आहे तो लोभच.

मामा

२८ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं काठावर हसत होतात, तुम्हाला ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. बोट चिखलात रुतली तेव्हा साहेब आधी माझ्यावर ओरडले, मग चंद्रावर. उतरले आणि डावा बूट गेला. गुडघाभर चिखलात उभं राहून म्हणाले, लिही, जागा घाण आहे, भराव तातडीने हवा.

मी मोजत होते. खेकडे सात प्रकारचे. चिखलावर उड्या मारणारे मासे दोनशेपर्यंत मोजले, मग सोडून दिलं. पक्ष्यांची नावं येत नव्हती, चित्रं काढली. ऑफिसला आल्यावर लिहिलं की माझा पहिला रिपोर्ट चुकीचा आहे, कारण मी भरतीत आले होते. खाली सही केली, चित्रं जोडली आणि साहेबांना न दाखवता परवानगी देणाऱ्या सरकारी ऑफिसात देऊन आले.

काल माझं टेबल काढून घेतलं. परवानगी मात्र अडकली आहे. सरकारी माणूस स्वतः येऊन बघणार आहे. तो कसा असेल कोण जाणे. तोही घाईत आला तर सगळं गेलं.

आईला अजून सांगितलं नाही. लोभ जरा जास्तच लागेल.

टिटवी

४ एप्रिल

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद, या वेळी दोन जास्त.

सरकारी माणूस काल आला. भर भरतीत, एका तासाची सवड काढून. मामीने चहा दिला. मग जेवण. मग आपल्या गुडघेदुखीचं पहिल्या दिवसापासून सांगायला घेतलं. दुखणं संपेपर्यंत पाणी ओसरलं आणि त्याची बोट चिखलात बसली. जाणार कुठे, बिचारा पँट दुमडून मोजायला लागला. संध्याकाळपर्यंत तुझ्या चित्रांतले सगळे पक्षी ओळखून झाले. दोन नवेही निघाले.

साहेबांचा डावा बूट सापडलाय, त्यांना कळव. पण त्यात एक खेकडा राहायला आलाय आणि त्या माणसाने त्याची नोंद सजीवांच्या रकान्यात केली आहे. आता बूट हलवायचा तर साहेबांना परवानगीचा अर्ज करावा लागेल.

तू ये. ओहोटीला ये, चालत येता येईल. लोभ इथे मासळीबरोबर सुकत ठेवलाय.

मामा